पब्लिक आर्ट करायचंय? आधी तिथं झाडू कोण मारणार ते ठरवा

आर्ट कॉलेजातून बाहेर पडलेली मुलं-मुली मला फोन करतात आणि प्रश्न ठरलेला असतो, ताई, गॅलरीत नाही, लोकांमध्ये काम करायचंय, सुरुवात कुठून करू. तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी पुण्यात काम करते, त्यामुळे उदाहरणं जास्त इथलीच येतील, पण नाशिक, सोलापूर, कोल्हापूर कुठेही असलात तरी फार फरक पडणार नाही.

आधी माझी फजिती ऐका. पहिलं काम एका वस्तीतलं. भंगारातून किलोवर चमचे, डाव, झारे आणले, तीनशेच्या आसपास असतील, आणि गल्लीवर आडव्या तारा ओढून त्यांना लटकवले. वारा आला की किणकिण होईल, वरून ऊन चमकेल वगैरे. फोटो तर इतके भारी आले की काय सांगू. चौथ्या दिवशी सकाळी गेले तर सगळं उतरवून, गोणीत भरून, सुतळीने तोंड बांधून माझ्यासाठी ठेवलेलं. त्या गल्लीतले निम्मे पुरुष रात्रपाळीला जातात आणि दिवसा झोपतात, हे मला माहितीच नव्हतं, आणि मी त्यांच्या डोक्यावर तीनशे चमचे वाजवत ठेवलेले. वर ज्या खुंट्यांना मी तारा बांधल्या त्या बायकांच्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांच्या, म्हणजे तीन दिवस कुणाला धुणं वाळत घालता आलं नाही. तोंडावर कुणी एक शब्द बोललं नाही. "मॅडमनी एवढं केलंय तर राहू दे दोन दिवस," असं म्हणत होते म्हणे.

खाली जे काही लिहिलंय ते त्या गोणीतून आलंय असं समजा.

१. दोन-तीन महिने नुसतं जात राहा

वही घेऊन नाही, कॅमेरा घेऊन तर अजिबात नाही. सकाळी सहाला जा, दुपारी दोनला जा, रात्री नऊला जा, कारण एकच चौक तीन वेळेला तीन वेगळे असतात. पाणी किती वाजता येतं, भांडणं कुठं होतात, म्हातारी माणसं कुठं टेकतात, पोरं कुठं क्रिकेट खेळतात, कचऱ्याची गाडी कुठं थांबते, मयत निघालं तर कुठून नेतात (हे नक्की बघा, त्या वाटेवर काही उभं करायचं नाही). बचत गटाची मीटिंग, अंगणवाडी, किराणा दुकानाची पायरी, या तीन ठिकाणी बसलात की वस्ती आपोआप कळायला लागते.

यात एक सापळा आहे. वस्तीतला जो माणूस सगळ्यात आधी पुढे येऊन "मी आहे ना मॅडम, सगळं बघतो" म्हणतो त्याच्याशी गोड राहा पण तोच म्हणजे वस्ती असं समजू नका. बहुतेक ठिकाणी दोन गट असतात आणि तुम्ही पहिल्या दिवशी कुणाकडे चहा प्यालात ते दुसऱ्या गटाला संध्याकाळपर्यंत कळलेलं असतं.

२. सांभाळणारा आधी, डिझाईन नंतर

हे कॉलेजात कुणी शिकवत नाही. काम टिकतं ते चांगलं आहे म्हणून नाही, तर रोज तिथे कुणालातरी यावंच लागतं आणि ती जागा नीट असणं ही त्याची स्वतःची गरज असते म्हणून टिकतं. म्हणून मी आता स्केच काढायच्या आधी विचारते, इथे झाडू कोण मारतं? लाईट कोण लावतं-बंद करतं? कुलूप असेल तर चावी कुणाकडे? याची उत्तरं नावानिशी मिळाली नाहीत तर ती जागा सोडून देते, कितीही फोटोजेनिक असू दे.

न्यूयॉर्कला मिअर्ल लॅडरमन यूकेलीस नावाच्या कलाकार आहेत, त्यांनी तर यावरच आयुष्य काढलं. १९६९ मध्ये त्यांनी जाहीरनामा लिहिला, त्यातला प्रश्न असा की क्रांती झाल्यावर सोमवारी सकाळी कचरा कोण उचलणार? पुढे १९७९-८० मध्ये शहरातल्या साधारण साडेआठ हजार सफाई कामगारांना एकेक करून भेटल्या, हात मिळवला, आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल आभार मानले. बस्स, हेच काम. १९७७ पासून त्या तिथल्या सफाई खात्याच्या निवासी कलाकार आहेत, बिनपगारी. (बिनपगारी हा शब्द नीट वाचा, पैशांचं पुढे येतंच आहे.)

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे नवज्योत अल्ताफ. जे. जे.मध्ये शिकलेल्या, मुंबईच्या कलाकार, पण छत्तीसगडात बस्तरमधल्या कोंडागावला जाऊन तिथल्या आदिवासी कलाकारांबरोबर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांनी मिळून सार्वजनिक हातपंपांभोवती 'नलपार' बांधले. भरलेला हंडा जमिनीवरून थेट डोक्यावर घेताना कंबर मोडते, म्हणून मध्ये टेकवायला जागा, आणि त्याच बांधकामात शिल्प, आकृत्या, खुणा. रोज पाणी भरायला येणारी बाई त्याची प्रेक्षक पण आणि राखणदार पण. मला विचाराल तर मोठमोठ्या भित्तिचित्रांपेक्षा हे काम आधी अभ्यासा.

चमच्यांनंतर माझं दुसरं काम जमलं ते याच कारणाने. पिंपळाच्या पारावर संध्याकाळी सात-आठ आज्या बसायच्या. बोलता बोलता कळलं की बरीच घरं ७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून, सोलापूरकडून आलेली. मग पाराच्या कडेने फुटक्या फरशीच्या तुकड्यांत प्रत्येकाच्या गावाचं नाव लिहायचं ठरलं. आज्यांना ती जागा स्वच्छ हवीच होती, कारण बसायला दुसरी जागाच नाही. आजही कुणी तिथे थुंकलं तर मला फोन येत नाही, त्या आज्याच बघून घेतात.

३. जागा नेमकी कुणाची ते शोधा, आणि तोंडी परवानगी म्हणजे काहीच नाही

भिंत सार्वजनिक दिसते पण निघते भलत्याचीच. रेल्वे, कँटोन्मेंट, पाटबंधारे, महावितरण, शाळा, ट्रस्ट, कुणीही असू शकतं. एकाच चौकात रस्ता एका खात्याचा, फुटपाथवरचा खांब दुसऱ्याचा आणि झाड तिसऱ्याचं. महाराष्ट्रात मालमत्ता विरूपण प्रतिबंधाचा १९९५ चा कायदा आहे, लेखी परवानगीशिवाय रंगवलंत तर तुमचं चित्र आणि 'मुळव्याध बरा करू'ची जाहिरात कायद्याला सारखीच.

मला एका कार्यालयात "करा हो बिनधास्त" असं सांगितलं, मी केलं, आणि तीन आठवड्यांनी दुसऱ्या विभागाने त्यावर चुना मारला. भांडायला गेले तर पहिला प्रश्न, पत्र दाखवा. पत्र कुठंय? तेव्हापासून अर्ज दोन प्रतींत, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय मी टेबलासमोरून उठत नाही.

एक गुपित सांगते. परवानग्यांचा खरा जाणकार आर्किटेक्ट नसतो, वकील नसतो, तो तुमच्या भागातल्या गणपती मंडळाचा कार्यकर्ता असतो. पोलीस, वाहतूक पोलीस, अग्निशमन, महापालिका, तात्पुरतं वीज कनेक्शन, हे सगळं तो दरवर्षी करतो, कुठल्या टेबलावर कुणाला कधी भेटायचं ते त्याला पाठ असतं. आणि खरं सांगायचं तर लोकवर्गणीतून, लोकांनी मिळून, चौकात उभं केलेलं इन्स्टॉलेशन हे आपल्याला नवीन नाहीच, आपण त्याला देखावा म्हणतो. (पहिला सार्वजनिक गणपती कुणी बसवला या वादात मात्र पडू नका, तुमचं काम बाजूला राहील.)

फाईलला हे लागतं:

- आधार, पॅन, कॅन्सल चेक
- जागामालकाचं ना हरकत पत्र, मूळ प्रत, सही शिक्क्यासकट
- जागेचा साधा नकाशा मापांसह, आजचे फोटो, आणि काम झाल्यावर कसं दिसेल त्याचं एक चित्र (साहेब फक्त हेच बघतात)
- डोक्यावर लटकणारं किंवा माणसापेक्षा उंच काही असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सर्टिफिकेट
- काम करणाऱ्यांचा अपघात विमा
- वस्तीतल्या लोकांच्या सह्यांचं पत्र, याला कायद्याने फार किंमत नसेल पण टेबलावर ठेवलं की वजन पडतं
- जागा हेरिटेज यादीत असेल तर त्या समितीची परवानगी, आणि हिला वेळ लागतो, धरूनच चाला

झाडाबद्दल वेगळं सांगते. खिळा ठोकायचा नाही, तार आवळायची नाही, बुंध्याभोवती सिमेंट ओतायचं नाही. आमच्या पाराच्या वेळी गवंडीभाऊ बुंध्यापर्यंत कोबा करायला निघाले होते, मी अक्षरशः आडवी पडले. माती मोकळी ठेवलीच पाहिजे.

४. लोकांना 'तुम्हाला काय हवंय' असं विचारू नका

विचारलंत तर उत्तर ठरलेलं असतं, महाराजांचा पुतळा नाहीतर 'आय लव्ह अमुक तमुक'चा लाईटवाला बोर्ड. यात लोकांचं चुकत नाही, प्रश्नच चुकीचा आहे. त्यापेक्षा वस्तू मागा, गोष्ट मागा. घरातली सगळ्यात जुनी वस्तू आणा, गावाकडच्या घराचं दार कसं होतं ते जमिनीवर खडूने काढा, इथे पहिल्यांदा आलात तेव्हा इथे काय होतं. अशा तीन बैठका झाल्या की डिझाईन तुमच्यासमोर येऊन बसतं.

बैठकीची वेळ बायकांना विचारून ठरवा, नाहीतर फक्त रिकामे पुरुष आणि शाळा बुडवलेली पोरं येतात. जो दिवसाचा रोज बुडवून येतो त्याला त्या दिवसाचे पैसे द्या, 'सहभाग' म्हणून फुकट राबवून घेऊ नका. बेंगळुरूचा अरवानी आर्ट प्रोजेक्ट बघा, २०१६ पासून तृतीयपंथी समाजातल्या मैत्रिणी तिथे स्वतः भिंती रंगवतात. भिंतीवर त्यांचं चित्र काढणं आणि त्यांच्या हातात ब्रश असणं यात केवढा फरक आहे ते तिथं दिसतं. धारावीत २०१५ ला बिएनाले, म्हणजे मोठं कलाप्रदर्शन, झालं, त्यातही तिथल्याच रहिवाशांनी आरोग्याच्या प्रश्नांवर कलाकारांबरोबर वस्तू बनवल्या.

आणि थोडी जागा रिकामी ठेवा. आमची गावांची यादी पक्की झाली, तीनदा वाचून दाखवली, सगळं चिकटवून झालं, आणि उद्घाटनाच्या दिवशी एक कुटुंब आलं, आमचं गाव कुठंय? ते लग्नाला गावी गेले होते. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो. नशिबाने कडेला हातभर जागा होती. आता मी मुद्दाम ठेवते.

५. साहित्य आणि सीझन

भिंतीचं काम पावसाळा संपल्यावर, भिंत सुकल्यावर, म्हणजे आपल्याकडे दिवाळीनंतरच. जूनच्या तोंडावर कुणी घाई केली तर हात जोडा. ओल असलेल्या भिंतीवर कितीही महागडा रंग लावा, पुढच्या पावसात पोपडे येणारच. तळव्याने भिंत चाचपा, गार लागली, हाताला पांढरी पूड लागली तर आधी ओलीचं बघा. बाहेर एक्स्टीरिअर इमल्शनच वापरायचं, आतला डिस्टेंपर स्वस्त मिळतो म्हणून लावू नका.

लोखंडाला रेड ऑक्साईडचे दोन हात, वेल्डिंगच्या जोडावर तर आवर्जून, आणि मुंबई-कोकणात खाऱ्या हवेमुळे याच्या दुप्पट काळजी. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ हात पोचेल तिथं लावू नका, आठवड्यात भंगारात जातं. नट-बोल्ट लावलात तर वरून वेल्डचा एक टाका मारून घ्या. आणि एक नियम पाठ करा, जे काही उभं कराल त्यावर पोरं चढणार. चढू नये अशी पाटी लावून उपयोग नाही, चढली तरी पडणार नाहीत असं बनवा. कोपरे गोल.

स्वतःजवळ ठेवायचं सामान फार नाही: टेप, ओळंबा, लेव्हल, ड्रिल, खडू, सुतळी, चांगले हातमोजे, हेल्मेट. परांची भाड्याने घ्या आणि ती बांधायला रोज तेच काम करणारा माणूस घ्या, मित्राला चढवू नका.

६. पैसे

आता मुद्द्याचं. पैसे साधारण चार दारांतून येतात.

पहिलं दार फेस्टिव्हल. मुंबईचा काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून आहे, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास नऊ दिवस, इन्स्टॉलेशनसाठी प्रस्ताव काही महिने आधी मागवतात. नवख्याला नाव व्हायला चांगलं, पण ते तात्पुरतं काम आहे, गर्दी आणि सेल्फी सोसणारं, त्याचा हिशेब वेगळा. स्टार्ट इंडिया फाउंडेशन या रस्त्यावरच्या कलेचं काम करणाऱ्या संस्थेने २०१७ ला ससून डॉकमध्ये केलेला प्रोजेक्टही असाच ठरावीक मुदतीचा होता, तरी १८७५ पासूनचा तो धक्का आणि तिथला कोळी समाज कितीतरी मुंबईकरांनी पहिल्यांदा तेव्हाच नीट पाहिला. मासळीच्या वासासकट.

दुसरं दार अनुदान. बेंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स १९९५ पासून अनुदानं देतंय, दिल्लीच्या फिका या संस्थेनेही पब्लिक आर्टसाठी खास अनुदान दिलेलं आहे, त्यांची आवाहनं बघत राहा. अर्जात मोठमोठे शब्द घालू नका, कोण, कुठे, किती दिवस, किती पैसे, एवढं स्पष्ट लिहा.

तिसरं सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी खर्च करायचा पैसा. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कला-संस्कृती बसते, पण कंपनी तो पैसा तुमच्या वैयक्तिक खात्यात टाकत नाही, सीएसआर-१ नोंदणी (असा पैसा घेण्यासाठीची सरकारी नोंदणी) असलेली संस्था मध्ये लागते. म्हणून एखाद्या चांगल्या ट्रस्टशी आधीच ओळख ठेवा. लोगो केवढा आणि कुठे हे पहिल्याच मीटिंगला लिहून घ्या, नाहीतर शेवटी कलाकृती लोगोच्या मागे शोधावी लागते.

चौथं दार पालिकेची रंगरंगोटी, स्वच्छ सर्वेक्षणाच्या आसपास निघते ती. ठेकेदारामार्फत, चौरस फुटाच्या दराने, विषय वरून ठरलेला. हात बसायला एकदा करा, त्याला करिअर समजू नका.

बजेट लिहिताना नवखे लोक रंग आणि लोखंड लिहितात आणि संपलं म्हणतात. टेम्पो, परांची, बैठकांचा चहा-वडापाव, लोकांचा रोज, इंजिनिअरची फी, विमा, फोटो, साफसफाई, आणि वर्षभराच्या डागडुजीसाठी दहा टक्के बाजूला, हे सगळं घाला. तुमची फी वेगळ्या ओळीत लिहा, साहित्यात लपवू नका, लपवलीत की घासाघीस करताना पहिली तीच कापली जाते. मी ४०-४०-२० मागते: ॲडव्हान्स, अर्ध्यावर, पूर्ण झाल्यावर. "एक्स्पोजर मिळेल" म्हणणाऱ्याला विचारा, जेवणाची सोय काय?

कागदी बाजू थोडक्यात. प्रोफेशनल फी म्हणून बिल काढलंत की साधारण १० टक्के टीडीएस कापतात, रिटर्न भरलात तर हिशेबाने परत मिळतो, सोडून देऊ नका. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी) करून ठेवा, सरकारी साईटवर ती पूर्ण फुकट आहे, पैसे मागणाऱ्या हुबेहूब दिसणाऱ्या साइट खूप आहेत, मी एकदा पैसे घालवून बसलेय. उद्यम असेल तर ४५ दिवसांत पैसे द्यायच्या कायद्याचा हवाला देऊन निदान कडक ईमेल तरी लिहिता येतो.

७. करार एक पानी चालेल, पण हवा

त्यात चार गोष्टी पाहिजेतच: पैसे कधी, देखभाल कुणाची, काम किती वर्षं ठेवणार, आणि हलवायचं-पाडायचं झालं तर मला किती दिवस आधी लेखी कळवणार. हे शेवटचं का, तर शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं प्रकरण वाचा. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं भव्य ब्राँझ म्युरल १९७९ ला त्यांना न विचारता काढून गोदामात टाकलं. ते कोर्टात गेले, आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले तुकडे त्यांना परत द्यायला आणि पाच लाख भरपाई द्यायला सांगितलं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ चा, म्हणजे काम विकल्यावरही कलाकाराचा त्यावर राहणाऱ्या हक्काचा, आधार होता. पण सव्वीस वर्षं गेली हो! आपल्याकडे तेवढा दम आणि वकिलाचे पैसे नसतात, म्हणून एक पान आधीच.

वस्तीबरोबर केलेल्या कामात नावं कुणाची, हेही लिहा. आमच्या पारावर माझं नाव आहे, आज्यांची आहेत आणि गवंडीभाऊंचंही आहे.

८. फोटो

माणसांचे फोटो विचारून, लहान मुलांचे आई-बापांना विचारून, शक्यतो लेखी. पोर्टफोलिओत उद्घाटनाचे फोटो कमी आणि सहा महिन्यांनंतरचे जास्त ठेवा, निवड समितीवर बसलेय तेव्हा मी स्वतः तेच शोधत होते. दहा पानांची पीडीएफ पुरे. वस्तीतल्या लोकांना छापील प्रिंट द्या, व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो फोन बदलला की गेला.

९. वर्षाने परत जा

कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा, उद्घाटनाच्या दिवशीच. पिशवीत टाइल ग्राउट, थापी, ब्रश, उरलेल्या रंगाचा डबा. काय निखळलं, काय चोरीला गेलं, लोकांनी स्वतःहून काय जोडलं, हे बघायचं. मागच्या खेपेला पारावर तीन तुकडे सुटले होते आणि एका गावाचं नाव कुणीतरी ऑइल पेंटने दुरुस्त केलेलं होतं, आमच्याकडून ऱ्हस्व-दीर्घाची चूक झाली होती. मी ते तसंच ठेवलं. रिकाम्या हातभर जागेत आता दोन नवी गावं आहेत, एक बिहारमधलं, ते देवनागरीत कसं लिहायचं यावर आज्यांनी त्या पोराला तासभर बसवून ठेवलं होतं म्हणे.